घरच्या शाळेचें वेळापत्रक

[नभोवाणीवरील भाषण]



मुलांना शाळेंत न पाठवितां घरींच शिकविणारीं कुटुंबें आतां आपल्याकडील मोठ्या शहरांत अगदींच विरळ राहिलेलीं नाहींत. हीं कुटुंबें योग्य करितात कीं अयोग्य, हा आजच्या भाषणाचा विषय नव्हे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें घरच्या शिक्षणाला निराळी अशी मान्यता दिलेली नाहीं, हें त्यांना ठाऊक असतें. तें ठाऊक असूनहि त्यांनीं आपला निश्चय केलेला असतो. माझा विषय त्याच्या पुढचा आणि पुष्कळ लहान आहे. निश्चय झाला, पुस्तकें आलीं, फळा भिंतीवर टांगला. आतां सोमवारीं सकाळीं करावयाचें काय? असे आईबाप माझ्यासारख्या निवृत्त मास्तराकडे येतात तेव्हां शिक्षणाचें तत्त्वज्ञान विचारीत नाहींत. ते विचारतात, "मास्तर, वेळापत्रक कसें आंखावें?"

बहुतेकांनीं तें आधींच आंखून आणलेलें असतें. सुरेख कागद, रंगीत रकाने. आठ ते आठ-चाळीस गणित, आठ-चाळीस ते नऊ-वीस इंग्रजी, मग परिसर, मग मराठी. मधली सुट्टी सुद्धां असते. कागद पाहिला कीं मला हेडमास्तरांच्या खोलींतली भिंत आठवते. त्या भिंतीवरचा तक्ता दर जूनमध्यें तयार करण्याचें काम पुष्कळ वर्षें माझ्याकडे होतें. तेव्हां तो तक्ता कशासाठीं असतो, हें मी थोडेंफार सांगूं शकेन.

शाळेचा तक्ता मुलांच्या बुद्धीकडे पाहून बनत नाहीं. एक शिक्षक एका वेळीं दोन वर्गांवर असूं शकत नाहीं. चित्रकलेचे मास्तर एकच, मैदान एकच, प्रयोगशाळा एकच. दोन पाळ्यांची शाळा असेल तर साडेबाराच्या सुमारास दुसरी पाळी फाटकाशीं येऊन उभी राहते. ह्या अडचणी सोडवितां सोडवितां शेवटीं जें हातीं उरतें, त्याला आपण वेळापत्रक म्हणतों. तास पस्तीस मिनिटांचा असतो तो मुलाचें लक्ष पस्तीस मिनिटें टिकतें म्हणून नव्हे. दिवसाचे आठ तुकडे पाडावयाचे असतात म्हणून. घरांत ह्यांपैकीं एकहि अडचण नसते. मग त्या अडचणींचें उत्तर तेवढें घरीं आणून भिंतीवर चिकटविण्यांत अर्थ कोणता?

आणखी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ह्याच कायद्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीसाठीं वर्षाचे किमान २०० दिवस व ८०० तास सांगितले आहेत. सहावी ते आठवीसाठीं २२० दिवस व १००० तास. म्हणजे लहानांना रोजचे चार तास आणि मोठ्यांना साडेचार. प्राथमिक वर्गांत साधारणपणें तीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें तोच कायदा सांगतो. आतां हे चार तास तीस मुलांच्या वर्गाचे आहेत. हजेरी, वह्या गोळा करणें, मागच्या बाकांवरची गडबड, एकाला उमजलें नाहीं म्हणून एकोणतिसांनीं थांबणें, हें सर्व त्यांत आलें. एका मुलाशेजारीं एक मोठें माणूस नीट बसलें तर लहान इयत्तांचें तेंच काम दीड-दोन तासांत उरकतें, असा माझा अनुभव आहे. घरच्या शाळेनें पांच तासांचा कागद आंखला म्हणजे त्यांतले तीन तास कशानें भरावयाचे, हा प्रश्न मुलाच्या आणि आईच्या माथीं बसतो. आणि ते सहसा भांडणानें भरले जातात.

ह्याचा पडताळा आपण सर्वांनींच घेतलेला आहे. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या आणि कांहीं दिवसांतच शाळेचें वेळापत्रक मोबाइलच्या पडद्यावरून थेट स्वयंपाकघराच्या दाराशीं आलें. तास बदलला कीं पडदा बदले. आई पोळ्या लाटतां लाटतां विचारी, "कॅमेरा चालूं आहे ना?" मूल पडद्यासमोर असे, आणि मनानें गच्चीवर. त्या दिवसांत पुष्कळ घरांत सायंकाळीं मायलेकरें एकमेकांशीं धड बोलत नसत. घरीं शिकणें वाईट, असा त्यावरून कित्येकांनीं निष्कर्ष काढला. माझ्या मतें शाळेचा दिवस घरांत बसत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध झालें.

मग घरीं वेळापत्रकच नको काय? मूल आपल्या इच्छेनें शिकेल, त्याला बांधूं नये, असें सांगणारीं मंडळी भेटतात. त्यांच्याशीं माझें जमत नाहीं, आणि त्याचें कारण मुलापेक्षां आईशीं अधिक संबंधित आहे.

शाळेंत घंटा होते. ती शिपाई वाजवितो. तिच्यावर कोणाला रागावतां येत नाहीं, तिच्याशीं हुज्जत घालतां येत नाहीं. घरांत घंटा नसते, आणि ठरलेला क्रमहि नसला म्हणजे तिच्या जागीं आईचें तोंड येतें. "आतां गणित काढ." "पुरे झाला तो खेळ." "अजून बसला नाहींस?" दिवसांतून चाळीस वेळां. ज्या घरच्या शाळा वर्षा-दोन वर्षांत मोडलेल्या मीं पाहिल्या, त्यांतली एकहि अभ्यास अवघड म्हणून मोडली नाहीं. मायलेकरांचें बोलणें आज्ञा आणि कुरकूर ह्यांपुरतेंच उरलें, म्हणून मोडल्या. तेव्हां घरांतल्या वेळापत्रकाचें मुख्य काम माझ्या समजुतीनें एकच आहे: 'आतां काय?' ह्या प्रश्नाचें उत्तर आईच्या तोंडून काढून घेऊन दिवसाच्या स्वाधीन करावयाचें.

आणि दिवसाला स्वतःच्या खुंट्या असतात. दूध, अंघोळ, दुपारचें जेवण, चहा, दिवेलागण, अंथरूण. ह्या खुंट्या घरांत आधींच ठोकलेल्या आहेत. मुलाला त्या पाळण्यांतला असल्यापासून माहीत आहेत. अभ्यास त्यांना टांगावा, घड्याळाला टांगूं नये. 'आठ वाजतां गणित' असें ठरविलें आणि त्या दिवशीं पाणी उशिरां आलें, तर सव्वाआठला अपराध घडलेला असतो आणि सगळा दिवस त्या अपराधाच्या छायेंत जातो. 'अंघोळीनंतर गणित' असें ठरविलें तर पाणी केव्हांहि येवो, अंघोळ होतेच आणि तिच्यामागून गणितहि येतें. मुलाला क्रम समजतो. वेळ समजण्यास त्याला आणखी कांहीं वर्षें लागतात.

मुलाच्या दिवसाला शाळा जुळवून घेण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस जें काम आरंभिलें आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर वाढविलें, त्यांत आदिवासी मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. तिला 'कुरणशाळा' असें नांव पडलें. गुरें चरत, मुलें शिकत. गुरें घरीं परतण्याची वेळ ही तेथली शाळा सुटण्याची वेळ.

घरच्या वेळापत्रकाची चर्चा करावयाची तर रवींद्रनाथ ठाकुरांच्या लहानपणाएवढें चांगलें उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं. कारण एकाच मुलाच्या वांट्याला दोन अगदीं विरुद्ध वेळापत्रकें आलीं आणि त्यानें पुढें, १९१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'जीवनस्मृतीं'त तीं दोन्ही लिहून ठेविलीं.

पहिलें कलकत्त्याच्या वाड्यांतलें. शाळा होतीच, पण शाळेबाहेरचा दिवस थोरले बंधु हेमेंद्रनाथ ह्यांनीं आंखून दिलेला होता. पहांटे अंधारांत उठून लंगोट लावून एका एकाक्ष पहिलवानाबरोबर कुस्ती. त्याच मातीच्या अंगावर सदरा चढवून पदार्थविज्ञान, काव्य, भूमिति, अंकगणित, इतिहास, भूगोल. मग शाळा. शाळेंतून आल्यावर चित्रकला आणि कसरत. दिवे लागल्यावर अघोरबाबू इंग्रजी शिकविण्यास येत, आणि रात्रीं नऊ वाजून गेल्यावर सुटका होई. रविवारीं गाणें. ह्या कार्यक्रमांतला एकेक विषय घेतला तर नांवें ठेवण्यास जागा नाहीं. आजचे हौशी पालकहि ह्याहून चांगली यादी करणार नाहींत. परंतु लेखकाच्या आठवणींत काय राहिलें? इंग्रजीच्या पुस्तकावर येणारी झोंप. आणि मुसळधार पावसांत, रस्त्यावर गुडघाभर पाणी असतां, आज तरी मास्तर येणार नाहींत अशी आशा धरून मुलें गल्लीकडे डोळे लावून बसत, तों वळणावर ती ओळखीची काळी छत्री दिसूं लागे. मी स्वतः मास्तर असल्यामुळें ती छत्री मला फार दिवस विसरतां आली नाहीं.

दुसरें वेळापत्रक हिमालयांतलें. १८७३ सालीं, बारावें वर्ष चालूं असतां, वडील देवेंद्रनाथ ह्यांनीं मुलाला बरोबर घेतलें आणि बोलपूर, अमृतसर असा मुक्काम करीत ते डलहौसीच्या डोंगरावर जाऊन राहिले. तेथें शाळा नाहीं, मास्तर नाहींत. बाप आणि मुलगा. पहांटेच्या काळोखांत उठून संस्कृत शब्दरूपांचें पाठांतर. सूर्योदयाच्या वेळीं उपासना, मग दोघांनीं मिळून फिरावयास जाणें. परत आल्यावर तासभर इंग्रजी. दहाच्या सुमारास बर्फासारख्या पाण्यानें स्नान. जेवणानंतर वडील पुन्हां शिकविण्यास बसत. पण पहांटे मोडलेली झोंप दुपारीं आपला वांटा मागावयास येई आणि मुलगा डुलक्या घेऊं लागे. देवेंद्रनाथ तें पाहत आणि त्याला सोडून देत. सोडून दिलें कीं झोंप पार पळून जाई, आणि हातांत काठी घेऊन तो एकटा डोंगरांत भटकावयास निघे. सायंकाळपर्यंत डोंगर हाच त्याचा गुरु.

ह्या दुसऱ्या दिवसांत विषय मोजके आहेत: संस्कृत, इंग्रजी, रात्रीं आकाशांतले तारे. काम कडक आहे. पहांटेचें उठणें आणि थंड पाणी ह्यांत कोणतीहि सवलत नाहीं. पण जेथें अभ्यास संपतो तेथें तो खरोखरच संपतो. दुपारच्या पाठाच्या वेळीं मूल पेंगतें आहे हें पाहून देवेंद्रनाथांनीं पाठ सोडला, मुलाला धरून बसविलें नाहीं. ह्याच प्रवासांत त्यांनीं आपलें सोन्याचें किमती घड्याळ रोज किल्ली देण्यासाठीं मुलाच्या हवालीं केलें होतें, आणि खर्चाच्या थोड्या पैशांचा हिशेब ठेवण्याचें कामहि दिलें होतें. मुलानें किल्ली इतक्या उत्साहानें दिली कीं घड्याळ दुरुस्तीसाठीं कलकत्त्यास पाठवावें लागलें! पण वेळेची जोखीम मुलाच्या हातीं देण्याची ती रीत मला मोलाची वाटते.

ज्या घरांत वडील घरीं बसून कचेरीचें काम करितात, त्यांच्यासाठीं आणखी एक गृहस्थ आठवतात: जेम्स मिल. हिंदुस्थान न पाहतां हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिणारे. तो ग्रंथ १८१७ सालचा. तो लिहीत असतां त्याच टेबलाशीं त्यांचा मुलगा जॉन ग्रीक शिकत बसे. ग्रीक त्यानें तिसऱ्या वर्षीं सुरू केलें होतें. ग्रीकवरून इंग्रजी अर्थ देणारा कोश तेव्हां त्याच्याजवळ नव्हता. त्यामुळें प्रत्येक अडलेला शब्द बापाला विचारावा लागे. जेम्स मिल स्वभावानें अत्यंत उतावीळ. तरी हें सततचें अडविणें त्यांनीं सोसलें आणि तशांतच ग्रंथाचे खंड लिहिले. सकाळीं न्याहारीपूर्वीं दोघे फिरावयास जात. आदल्या दिवशीं जें वाचलें त्याचीं टिपणें मुलगा चिठोऱ्यांवर करून ठेवी आणि चालतां चालतां त्यांवरून बापाला सांगे. परीक्षा घेण्याची ह्याहून स्वस्त आणि चांगली पद्धत मला सांपडलेली नाहीं. ज्या वडिलांना दिवसां वेळ नसतो त्यांनीं ही एक गोष्ट उचलावी: सकाळचा अर्धा तास, पायीं, आणि बोलावयाचें मुलानें.

मिलच्या घरांतल्या दोन गोष्टी मात्र उचलूं नयेत. तेथें सुट्ट्या नव्हत्या. कामाची संवय मोडेल म्हणून. दुसरें असें कीं, आठव्या वर्षापासून जॉनकडे धाकट्या भावंडांना शिकविण्याचें काम आलें, आणि त्यांच्या चुकांचा जाब त्याला द्यावा लागे. गुरु-शिष्याचें हें नातें दोघांच्याहि स्वभावाला चांगलें नव्हे, असें त्यानें पुढें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. विसाव्या वर्षीं, १८२६ सालीं, त्याला जें खोल औदासीन्य आलें त्याचीं कारणें पुष्कळ असतील. पण भावनेला जागा न ठेवणारें आपलें शिक्षण त्यांत होतें, असें त्याचें स्वतःचें मत दिसतें. थोरल्या मुलीकडे धाकट्याची वही सोंपवून स्वयंपाकाला लागणाऱ्या आयांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां प्रत्यक्ष घर घेऊं. दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, आई घरीं, वडील नऊ वाजतां कामावर. सकाळीं दूध, अंघोळ. अंघोळीनंतर दोघांनीं टेबलाशीं बसावयाचें, हें ठरलेलें. त्यासाठीं कोणी हांक मारावयाची नाहीं. प्रथम आई धाकट्याजवळ बसते: दहा-पंधरा मिनिटें वाचन. त्या वेळीं मुलगी शुद्धलेखन किंवा अक्षर, म्हणजे जिच्यांत आईची गरज नाहीं अशी गोष्ट करते. मग आई मुलीच्या गणिताकडे वळते आणि धाकटा चिंचोके मांडतो, पाटीवर अंक काढतो किंवा नुसता उठून जातो. गेला तर जाऊं द्यावा. शार्लट मेसन ह्या इंग्रज शिक्षिकाबाईंनीं १८८६ सालीं घरच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलें; आठ वर्षांखालील मुलाचा कोणताहि पाठ वीस मिनिटांपेक्षां लांबवूं नये, एका पाठानें थकलेल्या शक्तीला दुसऱ्या निराळ्या पाठानें विसांवा द्यावा, आणि दुपार मोकळी हवा खाण्यासाठीं ठेवावी, असें त्यांचें सांगणें होतें. ह्याला आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. वीस मिनिटांचा आंकडा अजून टिकून आहे असें मला मुलांकडे पाहून वाटतें.

थोडें खाणें, थोडा आराम, आणि जेवणापूर्वीं दुसरी बैठक. ही दोघांची एकत्र. आईनें मोठ्यानें वाचावयाचें: गोष्ट, इतिहास, प्रवास, कांहींहि. धाकट्याला अर्धेंच समजतें. पण तें अर्धें पुष्कळ असतें. वाचून झाल्यावर मुलांनीं आपल्या शब्दांत सांगावयाचें, आधीं धाकट्यानें, म्हणजे मोठीला उरलेलें भरण्याचा मान मिळतो. ताटें मांडलीं कीं अभ्यास संपला. 'उरलेलीं दोन गणितें दुपारीं' असें म्हणूं नये. तीं उद्यां.

जेवणानंतरचा तास आईचा. ह्या एका गोष्टीसाठीं मी आग्रह धरतों. मुलांनीं आपापल्या कोपऱ्यांत बसावें, पडावें, चित्रें पाहावीं, गुपचूप कांहीं करावें. आईला हांक मारावयाची नाहीं. शाळेंत शिक्षकाला मोकळा तास मिळतो. तो कमी झाला तर स्टाफरूममध्यें केवढा गहजब होतो, हें मीं पाहिलेलें आहे. घरच्या शिक्षिकेला तो तास वेळापत्रकांत लिहून दिल्याशिवाय मिळत नाहीं. लिहून द्यावा, आणि तो वडिलांनीं लिहावा, म्हणजे सुट्टीच्या दिवशीं तेहि पाळतील.

चहानंतर बाहेर. मैदान, सायकल, मंडई. मुलगी हिशेबाची पिशवी घेते: सव्वादोनशें रुपये किलोची डाळ दीड किलो घेतली तर किती, हें दुकानदाराच्या यंत्राआधीं तिनें सांगावयाचें. तीनशें साडेसदतीस. त्यासाठीं दिवेलागणीच्या खुंटीला परवचा टांगलेला असावा. पाढे, आणि त्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पंतोजींच्या शाळेंतली छडी गेली हें उत्तम झालें. तिच्याबरोबर परवचाहि गेला हें मला पटत नाहीं. दहा मिनिटें, सर्वांनीं मिळून, तालावर. आजी घरांत असेल तर तिचा आवाज ह्यांत सर्वांत मोठा असतो.

एवढेंच वेळापत्रक. भिंतीवर लावावयाचें तर पांच ओळींत बसतें. पण एक वही मात्र हवी, आणि ती रात्रीं भरावयाची. काय करावयाचें ह्याची यादी तिच्यांत नसावी. काय झालें एवढेंच लिहावें. दोन ओळी पुरतात. महिनाअखेर पानें मोजलीं कीं दिसतें: मराठी वाचन बावीस दिवस, गणित वीस, इंग्रजी सहा. मग इंग्रजी मागें कां पडतें, ह्याचा शोध घेतां येतो. बहुधा तें दिवसाच्या अशा जागीं टांगलेलें असतें, जेथें कोणीतरी भुकेलेलें किंवा पेंगुळलेलें आहे. विषय बदलूं नये, खुंटी बदलून पाहावी. नातेवाईक "मुलें घरीं करितात तरी काय?" असें विचारतात, त्यांच्यापुढेंहि हीच वही ठेवतां येते.

घर म्हटलें म्हणजे आजारपण आलें, पाहुणे आले, गौरी-गणपति आले. अशा दिवसांसाठीं एक लहान वेळापत्रक आधींच ठरवून ठेवावें: एक पान वाचन, पांच गणितें, परवचा. तापाच्या दिवशीं तेंहि नाहीं. पण पाहुण्यांच्या दिवशीं एवढें झालें म्हणजे धागा तुटत नाहीं, आणि 'आठवडा वाया गेला' ह्या विचारानें आईला जी खिन्नता येते ती टळते. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी पुरी द्यावी. शेजारचीं मुलें मोकळीं असतां आपलीं बांधून ठेवणें क्रूरपणाचें आहे. आरंभ करितांना मात्र सगळ्या खुंट्या एकदम वापरूं नयेत. पहिले पंधरा दिवस अंघोळीनंतरची बैठक तेवढी. ती आपोआप होऊं लागली, म्हणजे हांक न मारतां मूल टेबलाशीं दिसूं लागलें, कीं मग दुसरी.

मुलांच्या सोबतीचा प्रश्न वेळापत्रकाचाच एक भाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं गुरांचीं विस्तीर्ण कुरणें आहेत. शेजारचें घर कित्येक मैलांवर. तेथलीं मुलें टपालानें आलेल्या धड्यांवर घरींच शिकत. ८ जून १९५१ रोजीं ॲलिस स्प्रिंग्ज गांवीं त्यांच्यासाठीं 'हवेवरची शाळा' उघडली. उडत्या डॉक्टरांना बोलावण्यासाठीं घरोघर जे रेडिओचे संच होते, त्यांवरूनच शिक्षिका बोले आणि मुलें उत्तरें देत. रेडिओवरचा पाठ थोडाच वेळ चाले. बाकीचा अभ्यास आईनें किंवा घरीं ठेविलेल्या शिकवणाऱ्या मुलीनें करून घ्यावयाचा. आतां रेडिओच्या जागीं उपग्रह आणि संगणक आले आहेत, पण घाट तोच आहे: दिवसांतली एक लहानशी वेळ बाहेरच्या जगाशीं बांधलेली, आणि तेवढ्या वेळेपुरतें घड्याळ कडक. आपल्या शहरांतल्या घरांनाहि अशी एखादी बांधलेली वेळ लागते. तबल्याचा वर्ग, पोहणें, वाचनालय, मैदानावरचा संघ. आठवड्यांतून तीन वेळां तरी, जेथें इतर मुलें आहेत आणि जेथें उशीर झाला तर आपल्याविना आरंभ होतो.

मूल तेरा-चौदा वर्षांचें झालें कीं चित्र बदलतें. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या परीक्षेला चौदा वर्षें पुरीं लागतात. किमान पांच विषय, त्यांत एक तरी भाषा, आणि वर्षांतून दोनदां परीक्षा. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची वाटहि जुनी आणि परिचित आहे. कोणतीहि वाट घेतली तरी आतां वेळापत्रक आईनें करावयाचें नाहीं. परीक्षेच्या तारखेपासून मागें मोजीत मुलानेंच तें आंखावें; आईबापांनीं रविवारीं वही पाहावी, मध्यें विचारूं नये. पहिलें वेळापत्रक हमखास अशक्य असतें, रोजचे नऊ तास लिहिलेले असतात. तें आठ दिवसांत कोसळतें. कोसळूं द्यावें, दुसरें अधिक शहाणें निघतें.

आणि ह्या मुलांना एका गोष्टीचा सराव मुद्दाम द्यावा लागतो. घड्याळ लावून तीन तास एका जागीं बसून लिहिणें त्यांनीं कधींच केलेलें नसतें. शाळेंतल्या मुलाची ती संवय चाचण्या देऊन देऊन झालेली असते. म्हणून परीक्षेपूर्वींच्या तीन-चार महिन्यांत दर रविवारीं एक जुनी प्रश्नपत्रिका, सकाळीं अकरा ते दोन. मोबाइल दुसऱ्या खोलींत, पाण्याची बाटली टेबलावर, वेळ संपतांच वही बंद. त्या तीन तासांत घरांतल्या इतरांनीं टीव्ही लावूं नये, आणि जेवणाची घाई करूं नये.